भिंतीवरून कागदावर

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असे चिटणीस बाईंनी सांगितले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे पाककृतीच देणार होते. पण गेल्या संक्रांतीला आपल्या विक्रीच्या टेबलावर वारली चित्रांच्या पिशव्या होत्या. एका भगिनीने विचारले, “ही चित्रे मुळात काढी तरी कोण?” कोणालाच नीट सांगता आले नाही, मलाही नाही. मनाला लागून राहिले. वाचनालयातून पुस्तके आणली, आणि त्यांत पुपुल जयकर या बाईंची ओळख झाली.

त्यांचे माहेर गुजराती, मेहतांचे. जन्म ११ सप्टेंबर १९१५ चा, उत्तरेकडे इटाव्याचा. वडील मोठे सरकारी अधिकारी. शिक्षण लंडनला झाले आणि लग्न होऊन त्या मुंबईस आल्या. स्वतः चित्र काढणाऱ्या त्या नव्हेत. दुसऱ्याच्या हातातले पारखावे, ते चारचौघांत मांडावे आणि सरकारला त्यासाठी पैसा खर्चायला लावावा, हे त्यांचे काम. स्वातंत्र्यानंतर हातमाग मरणपंथाला लागला होता. तेव्हा विणकरांसाठी सेवा केंद्रे निघाली आणि बाईंनी तेथे चित्रकारांना नोकरीस आणले. आपले प्रभाकर बरवे त्यांतलेच. पुढे इंदिरा गांधी व राजीव गांधी यांच्या काळात त्या सांस्कृतिक सल्लागार झाल्या. १९८२ साली लंडनला आणि १९८५ साली अमेरिका व फ्रान्समध्ये भारत महोत्सव झाले, त्यांमागे त्याच होत्या. २९ मार्च १९९७ रोजी मुंबईत त्या वारल्या.

पण मला त्यांचे हे थोरपण तितके भावले नाही, जितकी मिथिलेची गोष्ट भावली.

१९६६-६७ साली बिहारात भयंकर दुष्काळ पडला. मधुबनीकडच्या बायका लग्नाच्या खोलीच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, देवदेवता काढीत. त्या खोलीला कोहबर म्हणतात. काजळी, हळद, फुलापानांचा रस, बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापूस, एवढेच साहित्य. १९३४ च्या भूकंपात भिंती पडल्या, तेव्हा आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही चित्रे प्रथम दिसली. एरवी परक्या पुरुषाने ती खोली पाहिलीच नसती. दुष्काळात जयकरबाईंनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे धाडले. त्यांनी बायकांना कागद दिला आणि भिंतीवरचे त्यावर काढा म्हणून सांगितले. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो! घरात दाणा नसताना बाईच्या बोटांनी पैसा आणला. जितवारपूरच्या जगदंबादेवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीतादेवींना १९८१ साली.

गंगादेवींचे वाचताना मात्र डोळे भरून आले. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि या बाईचे सारे गेले. कागदाने त्यांना उभे केले. १९८५ च्या महोत्सवात त्या अमेरिकेला गेल्या. तिथल्या जत्रेतली उंचसखल धावणारी गाडीसुद्धा त्यांनी कोहबरच्याच रेषेने काढली. पुढे कर्करोग झाला. औषधोपचार चालू असताना त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात आख्खी कोहबर खोली रंगविली. १९९१ साली त्या गेल्या. २०१५ साली त्या संग्रहालयाची दुरुस्ती निघाली, त्यात ती खोलीच नाहीशी झाली. आपल्या घरी चुना देतानासुद्धा मुलाच्या उंचीच्या खुणा आपण जपतो.

कागद आला तसे व्यापारीही आले. तेच ते चित्र भराभर मागू लागले. याचा दोष मी बाईंना देत नाही. पण मदतीबरोबर हेही आले, ते सांगायला हवे.

आता त्या भगिनीचे उत्तर. हेच भास्कर कुलकर्णी पुढे डहाणूकडे वारली पाड्यांवर गेले. तिथे लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढीत, मध्ये पालघाट देवी. धवलेरी गाणी म्हणे आणि चौक सवाशिणी काढीत. म्हणजे चित्रे मुळात बायकांची. कागद आल्यावर गंजाडचे जिव्या सोमा म्हशे पुढे आले. हाडाचे कलावंत, १९७५ च्या सुमारास मुंबईत त्यांचे प्रदर्शन झाले, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांचा मान त्यांनाच. पण ज्या सवाशिणींनी चौक जपला, त्यांच्यापैकी एकीचेही नाव मला पुस्तकात सापडले नाही.

पिशव्यांचा पुढचा गठ्ठा मागवाल तेव्हा काढणारीचे नाव चिठ्ठीवर लिहून पाठवायला सांगा, असे मी चिटणीस बाईंना सांगितले आहे. त्या ‘बघू’ म्हणाल्या आहेत.