पावसाळ्यात गजकर्ण, थंडीत खरूज : ऋतूप्रमाणे कातडीचे आजार का बदलतात?

कातडीचे बरेच आजार ऋतू पाहून येतात. कोणता आजार कधी आणि कशामुळे होतो, हे कळले तर चुकीचे मलम लावणे टळते.

पावसाळा : ओल आणि ऊब मिळाली की बुरशी वाढते. ओले कपडे अंगावर राहिले की जांघेत, काखेत, कमरेला गजकर्ण (नायटा) उठते. गोल चट्टा, लालसर कडा आणि खाज ही त्याची खूण. एकच टॉवेल सगळ्यांनी वापरला तर घरभर पसरते. भात लावणीत पाय दिवसभर चिखलात राहतात. कातडी पांढरी, मऊ पडते आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. या भेगांतून लेप्टोचे जंतूही शरीरात शिरू शकतात. त्यामुळे लावणीच्या दिवसांत ताप आला तर अंगावर काढू नये.

हिवाळा : खरूज बारीक किड्यामुळे होते. थंडीत एका गोधडीत दोघे-तिघे झोपले की ती एकाची दुसऱ्याला लागते. खाज रात्री जास्त सुटते. एकट्याने औषध लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे.

उन्हाळा : घामोळे हा संसर्ग नाही, घामाची छिद्रे बुजल्याने ते येते. पण नखाने खाजवून जखम झाली तर त्यात जंतू जाऊन पू होतो.

ट्यूब घेताना सावधान!

खाज सुटली की अनेकजण मेडिकलमधून मिळेल ती ट्यूब आणतात. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, माणसाला वाटते बरे झाले. पण बुरशी मेलेली नसते, ती पसरत राहते. पुढे चट्टा मोठा होतो आणि साध्या औषधाला दाद देत नाही. २०१८ पासून अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. गजकर्णावर बुरशीचेच औषध लागते आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस ते लावावे लागते.

दवाखान्यात कधी जावे?

- साखरेच्या रुग्णाच्या पायाला भेग किंवा जखम झाली तर लगेच.
- पाय सुजून लाल, गरम झाला तर त्याच दिवशी.
- फिकट किंवा लालसर चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो.

शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी पुसणे, हा बिनपैशाचा उपाय मात्र रोजचाच.