स्पर्श न करताही डीएनए सापडतो तेव्हा

एखाद्या व्यक्तीचा डीएनए तिने कधीच न हाताळलेल्या वस्तूवर दुसऱ्या माणसामार्फत किंवा वस्तूमार्फत पोहोचतो, त्याला डीएनएचे अप्रत्यक्ष स्थानांतर म्हणतात. आपण कुणाशी हस्तांदोलन केले आणि त्याने त्याच हाताने चाकू उचलला, तर मुठीवर त्याच्याबरोबर आपलाही डीएनए जाऊ शकतो.

हे कधी लक्षात आले?

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील रोलंड व्हॅन ऊरशॉट आणि मॅक्सवेल जोन्स यांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की, नुसत्या स्पर्शाने वस्तूवर राहिलेल्या डीएनएवरूनही माणसाची ओळख पटू शकते. हा डीएनए त्या वस्तूवरून दुसऱ्याच्या हातावर जातो, हेही त्यांना आढळले. माणसाच्या एका पेशीत जेमतेम ६ ते ७ पिकोग्रॅम डीएनए असतो. आजच्या चाचण्यांना काही डझन पेशीही पुरतात. चाचणी जितकी संवेदनशील, तितका असा ‘पाहुणा’ डीएनए सापडण्याचा संभव जास्त.

किती डीएनए जातो?

ओले रक्त किंवा लाळ सुकलेल्या डागापेक्षा सहज पसरते. दाब आणि घर्षणाने प्रमाण वाढते. गुळगुळीत पृष्ठभाग डीएनए लवकर सोडतो, तर सुती कापड तो धरून ठेवते.

कॅलिफोर्नियातील प्रकरण

नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन होजेजवळ दरोड्यात एका गृहस्थाचा खून झाला. त्याच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए सापडला आणि त्याला अटक झाली. प्रत्यक्षात त्या रात्री तो दारूच्या नशेत रुग्णालयात दाखल होता. त्याला तिथे नेणारे रुग्णवाहिका कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमधून डीएनए गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. सुटका होईपर्यंत त्याचे सुमारे पाच महिने तुरुंगात गेले होते.

न्यायालयासाठी अर्थ

डीएनए कुणाचा, हे प्रयोगशाळा सांगू शकते. तो तिथे कसा आला, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर इतर पुराव्यांशी ताडूनच मिळते. म्हणूनच तपासात प्रत्येक वस्तूसाठी नवे हातमोजे आणि वेगळे पाकीट वापरले जाते. घटनास्थळी कोण कोण येऊन गेले, याची नोंदही तितकीच महत्त्वाची ठरते.