हिशेबप्रणालीतील सक्तीची ओळख पडताळणी : कोलकात्यातील व्यापाऱ्यांचे आक्षेप आणि नियमांची चौकट

कोलकाता : ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस यांच्या सरकारी पोर्टलवर प्रवेश करताना पासवर्डसोबत ओटीपी देण्याचे बंधन १ एप्रिल २०२५ पासून देशातील सर्व करदात्यांना लागू झाले. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, पश्चिम बंगालमधील नव्या जीएसटी नोंदणीसाठी आधारवर आधारित बायोमेट्रिक पडताळणी सुरू झाली होती. या दोन टप्प्यांनंतर बडाबाजार, पोस्ता आणि कॅनिंग स्ट्रीट या जुन्या घाऊक पेठांच्या शहरात एक प्रश्न ठळक झाला आहे. हिशेब दुकानाचा, तो लिहिणारा हिशेबनीस, तर मग ओळख नेमकी कोणाची पटवायची?

आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पडताळणीच्या हेतूला विरोध नाही. तिचा भार कोणावर पडतो, पडताळणी अयशस्वी ठरल्यास कामाचे काय होते आणि गोळा केलेल्या माहितीची जबाबदारी कोण घेते, हे त्यांचे मुद्दे आहेत.

सक्तीचे टप्पे

ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस प्रणालींवर द्विस्तरीय पडताळणी टप्प्याटप्प्याने आली. वार्षिक उलाढाल १०० कोटी रुपयांहून अधिक असलेल्या करदात्यांना ती ऑगस्ट २०२३ मध्ये सक्तीची झाली. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा २० कोटी आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून ५ कोटी रुपयांवर आली. १ एप्रिलपासून ती सर्वांना लागू झाली. पश्चिम बंगालमध्ये राज्यांतर्गत मालवाहतुकीसाठी ई-वे बिलाची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून एक लाखावरून ५० हजार रुपये करण्यात आली असल्याने लहान दुकानदारांच्या खेपाही या व्यवस्थेच्या कक्षेत आल्या आहेत.

आधार पडताळणीचा प्रवास वेगळा आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम २५ मध्ये त्याची तरतूद झाली आणि २१ ऑगस्ट २०२० पासून नव्या नोंदणीसाठी ती अमलात आली. १ जानेवारी २०२२ पासून कराचा परतावा मागण्यासाठी आणि रद्द झालेली नोंदणी पुन्हा सुरू करण्यासाठीही ती आवश्यक ठरली. बायोमेट्रिक पडताळणीचा प्रयोग प्रथम गुजरातमध्ये झाला. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५३व्या बैठकीने ती टप्प्याटप्प्याने देशभर नेण्याची शिफारस केली.

कंपन्यांसाठी आणखी एक नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरता येते, ज्यात प्रत्येक नोंदीतील बदलाची तारखेसह आपोआप नोंद राहते आणि ती सुविधा बंद करता येत नाही. एकाच नावाने अनेकांनी प्रवेश केल्यास मात्र बदल नेमका कोणी केला, हे या नोंदीतून उलगडत नाही. त्यामुळे प्रत्येक वापरकर्त्याचे खाते स्वतंत्र असणे लेखापरीक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.

पडताळणीची गरज का भासली?

बनावट नोंदणी हे यामागचे मुख्य कारण. दुसऱ्याचे पॅन किंवा आधार वापरून कागदोपत्री पेढी उभी करायची, प्रत्यक्ष माल न देता बिले फाडायची आणि त्या बिलांच्या आधारे कर-सवलत पुढे सरकवायची, अशी ही पद्धत आहे. केंद्र व राज्यांच्या करविभागांनी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात राबविलेल्या विशेष मोहिमेत २१,७९१ नोंदणीकृत पेढ्या प्रत्यक्षात अस्तित्वातच नसल्याचे आढळले. त्यांतून २४,०१० कोटी रुपयांच्या करचुकवेगिरीचा संशय व्यक्त झाला.

याचा फटका प्रामाणिक खरेदीदारालाही बसतो. विक्रेत्याने कर भरला नाही म्हणून खरेदीदाराची कर-सवलत नाकारण्याचा प्रश्न सनक्राफ्ट एनर्जी या कंपनीच्या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला होता. आधी विक्रेत्याविरुद्ध कारवाई न करता खरेदीदाराकडून वसुली करणे योग्य नाही, असा निर्णय न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. विक्रेता खरा आहे की कागदी, हे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट झाले तर असे वाद कमी होतील, हा पडताळणीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

आक्षेप पहिला : मोबाइल मालकाचा, काम हिशेबनिसाचे

कोलकात्याच्या घाऊक पेठेत हिशेबाचे काम दुकानमालक क्वचितच स्वतः करतो. एकेकाळी गादीवर बसणारा मुनीम ते पाहत असे. आज अर्धवेळ हिशेबनीस किंवा कर सल्लागार एकाच दिवशी अनेक दुकानांचे काम उरकतो. ओटीपी मात्र मालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर येतो. मालक प्रवासात असला, घरातील वयोवृद्धाच्या नावे पेढी असली किंवा जुना क्रमांक बंद पडला असला, तर माल गाडीत भरूनही ई-वे बिल तयार होत नाही. यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे ओटीपी दूरध्वनीवरून सांगणे. त्यातून पडताळणीचा मूळ हेतूच निष्फळ ठरतो. मोबाइलवर आलेला संकेतांक कोणालाही सांगू नका, असे बँका बजावतात. इथे तो रोज सांगावा लागतो.

आक्षेप दुसरा : बोटांच्या ठशांची सुरक्षितता

बायोमेट्रिक माहितीविषयीच्या साशंकतेला पश्चिम बंगालमध्ये अलीकडची पार्श्वभूमी आहे. २०२३ मध्ये आधार-आधारित पेमेंट व्यवस्थेतून बोटांचे ठसे वापरून परस्पर पैसे काढल्याच्या तक्रारी कोलकात्यात आल्या. मालमत्ता नोंदणीच्या दस्तांवरील ठशांची नक्कल झाल्याचा संशय तपासात पुढे आला आणि आधारमधील बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करण्याचे आवाहन कोलकाता पोलिसांनी नागरिकांना केले. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत, हा आक्षेपाचा गाभा आहे.

त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व बर्धमान जिल्ह्यातील जमालपूरसह काही भागांतील रहिवाशांना आधार निष्क्रिय झाल्याची पत्रे मिळाली. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्यास हरकत घेतली. कोणताही आधार क्रमांक रद्द केलेला नाही, असे आधार प्राधिकरणाने स्पष्ट केले. ही घटना व्यापाराशी संबंधित नव्हती. तथापि, एका क्रमांकावर नोंदणी, परतावा आणि बँक खाते असे सारेच अवलंबून राहिले, तर तो क्रमांक अडल्यास काय, हा प्रश्न तिने उभा केला.

आक्षेप तिसरा : सॉफ्टवेअर कंपनीला आधार का द्यावे?

कायद्याने घातलेले बंधन आणि खासगी कंपनीची अट यांत फरक आहे. तो ग्राहकांना अनेकदा सांगितला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा अधिकार मूलभूत ठरविला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायद्याची वैधता कायम राखताना न्यायालयाने खासगी कंपन्यांना कराराच्या आधारे आधार पडताळणीची मुभा देणारा कलम ५७ मधील भाग रद्द केला. पॅन व आधार यांची जोडणी मात्र वैध ठरली. जानेवारी २०२५ मधील सुधारित नियमांनी खासगी संस्थांसाठी आधार पडताळणीचे दार काही अंशी पुन्हा उघडले. त्यासाठी सरकारची मान्यता आणि आधारधारकाची संमती आवश्यक आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा : जीएसटी नोंदणीसाठी मागितलेली पडताळणी कायद्यातून आली आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी परवाना सुरू करण्यासाठी ई-मेल किंवा मोबाइलची खातरजमा करू शकते. पण तिने आधारच हवे असा आग्रह धरल्यास त्यास कोणत्या कायद्याचा आधार आहे, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती ठरावीक हेतूसाठी आणि आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

उपलब्ध पर्याय

पहिल्या आक्षेपावर व्यवस्थेतच उत्तर आहे. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवर मुख्य वापरकर्त्याला उप-वापरकर्ते नेमता येतात. प्रत्येकाचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो आणि काम सोडून गेलेल्याचे खाते बंद करता येते. एसएमएसव्यतिरिक्त ‘संदेस’ आणि ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ या अॅपवरही ओटीपी मिळतो. यांपैकी दुसऱ्या अॅपला ओटीपी दाखवण्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि दर ३० सेकंदांनी तो बदलतो. नेटवर्क न पोहोचणाऱ्या तळघरातील गोदामांना ही सोय उपयोगी आहे.

सॉफ्टवेअरमधून थेट जीएसटी पोर्टलशी जोडणी करताना करदात्याला आधी पोर्टलवर एपीआय प्रवेशाची परवानगी द्यावी लागते. तिची मुदत सहा तासांपासून ३० दिवसांपर्यंत निवडता येते. बाहेरच्या हिशेबनिसाकडे काम असल्यास कमी मुदत निवडणे हिताचे ठरते.

नव्या नोंदणीत सर्वच अर्जदारांना बायोमेट्रिक केंद्रावर जावे लागत नाही. अर्जाची जोखीम तपासून काहींना ओटीपीचा, तर काहींना जीएसटी सुविधा केंद्रात वेळ घेण्याचा दुवा ई-मेलवर येतो. अर्ज दाखल केल्यापासून १५ दिवसांत हे काम पूर्ण करणे अपेक्षित आहे. ज्यांनी आधार बायोमेट्रिक कुलूपबंद केले आहे, त्यांनी केंद्रावर जाण्यापूर्वी ते तात्पुरते उघडणे आवश्यक आहे. अन्यथा पडताळणी अयशस्वी ठरते. परराज्यात राहणाऱ्या कंपनी संचालकांना मार्च २०२५ पासून आपल्याच राज्यातील केंद्रात पडताळणी करता येते. कोलकात्यात व्यवसाय आणि राजस्थानात घर असलेल्या कुटुंबांना त्यातून दिलासा मिळाला आहे.

आधार पडताळणी न निवडणाऱ्यांसाठीही मार्ग आहे. केंद्रावर छायाचित्र व मूळ कागदपत्रांची तपासणी आणि व्यवसायाच्या जागेची प्रत्यक्ष पाहणी झाल्यावर नोंदणी मिळते. मात्र एरवी सात कामकाजी दिवसांत होणाऱ्या कामाला इथे ३० दिवस लागू शकतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान करदात्यांसाठी सुरू झालेली तीन दिवसांची सुलभ नोंदणीही आधार पडताळणीवरच अवलंबून आहे. त्यामुळे पडताळणी नाममात्र ऐच्छिक असली, तरी ती नाकारण्याची किंमत वेळेत मोजावी लागते, असा आक्षेप घेतला जातो.

अन्यत्र काय?

ऑस्ट्रेलियाच्या करविभागाने आपल्या यंत्रणेशी जोडल्या जाणाऱ्या ऑनलाइन हिशेब सॉफ्टवेअरना बहुस्तरीय पडताळणीची अट घातली आहे. ब्रिटनमध्ये १८ नोव्हेंबर २०२५ पासून कंपनी संचालकांची ओळख पडताळणी सक्तीची झाली. दिशा सर्वत्र सारखीच असल्याने भारतातही ही सक्ती मागे घेतली जाण्याची शक्यता कमी दिसते.

बंगाली व्यापारी पोयला बैशाखला ‘हालखाता’ म्हणून नव्या वहीची पूजा करतात, तर मारवाडी पेढ्या महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांप्रमाणेच दिवाळीत वहीपूजन करतात. ती वही मालकाच्या घरात राहत असे आणि ती कोणाच्या हाती द्यायची, हे मालक ठरवत असे. संगणकीय हिशेबातही हा निर्णय मालकाकडे राहू शकतो, परंतु त्यासाठी उप-वापरकर्ते, प्रवेशाची मुदत आणि पर्यायी पडताळणी या तरतुदी त्याला माहीत असाव्या लागतात. पडताळणी अडल्यावर दाद ठरावीक मुदतीत मिळावी आणि तोवर माल थांबू नये, ही उरलेली अपेक्षा मात्र करव्यवस्थेलाच पूर्ण करावी लागेल.