रानाच्या खोडी

मोजणीचं दप्तर म्हणजे रुक्ष आकडे, असं वाटतं. पण 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड-विंगेट साहेबांची मोजणी सुरू झाली, तेव्हा साखळीमागनं प्रतबंदीवालेही रानात उतरले. गिऱ्हाईक बैल बघतं तशी ते माती बघायचे आन् खोडी लिहायचे: चुनखड, वाळसर, उतारवट, उपळवट. शब्द सगळे कुणब्याचेच! बाजारात बैलाची खोड निघाली की मालक कष्टी. इथं मालक खूश. जितक्या खोडी, तितका सारा कमी.

आमच्या पिंपळे सौदागरात पवनाकाठची रानं गेली, टॉवर उभे राहिले. तेहतीस फुटी साखळीचा गुंठा अजून 1089 चौरस फुटांचाच भरतो. ‘उपळवट’ मात्र कुणी वाचत नाही. तळघरात पाणी उपळलं, की पंप लावतात.