तंबाखू नाही, नुसती सुपारी!

खारदांड्यात हळद असो की साखरपुडा, पानाचे तबक फिरतेच. 'तंबाखू नाही ना, मग काय हरकत?' असे तुम्हीही म्हणत असाल. एके काळी शास्त्रज्ञांकडेही याचे ठाम उत्तर नव्हते.

मुंबईत डॉ. वसंत खानोलकर, संघवी आणि राव यांनी १९५५ साली कॅन्सरच्या रुग्णांच्या सवयी इतर लोकांशी ताडून पाहिल्या. तंबाखू खाणे आणि ओढणे, दोन्हींवर बोट ठेवले. सुपारीचा दोष वेगळा काढणे मात्र कठीण होते. आपल्याकडे विड्यात बहुतेक जण तंबाखू घालतातच, मग चोर कोण हे कसे ठरवणार?

१९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखूचा विडा कॅन्सरकारक ठरवला. बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरावा अपुरा, एवढेच म्हटले. अपुरा म्हणजे निर्धोक नव्हे! पुढे तैवानचे अभ्यास हाती आले. तिथे विड्यात तंबाखू नसतोच, तरी तोंडाचा कॅन्सर होत होता. अखेर २००३ मध्ये खुद्द सुपारीच 'गट १'मध्ये गेली.

हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. सिगारेट आणि सॉसेजसारखे प्रक्रिया केलेले मांस एकाच गटात आहेत, ते त्यामुळेच.

सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होते. तिखट झोंबत असेल, तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर सुपारी आजच थांबवा आणि तोंड तपासून घ्या.