बराकपूरची अन्नपूर्णा

बराकपूर हे नाव उच्चारले की मराठी माणसाला आठवतो तो 29 मार्च 1857 चा दिवस, लष्करी छावणीचे ते संचलनाचे मैदान आणि मंगल पांडे यांची बंदूक. हे स्मरण योग्यच आहे. परंतु याच गावी, हुगळीच्या पूर्व तीरावर, दुसरेही एक स्मारक उभे आहे आणि त्याची कथा बंदुकीची नाही. ते आहे अन्नपूर्णेचे मंदिर. नऊ शिखरांचे हे देवालय 12 एप्रिल 1875 रोजी प्रतिष्ठित झाले. ते बांधविले जगदंबा दासी या बाईंनी. नदीच्या खालच्या अंगाला असलेले दक्षिणेश्वराचे कालीमंदिर ज्याने पाहिले आहे, त्याला येथे येताच ओळख पटते: तीच घडण, तीच शिखरे, तोच नदीकाठ. लेकीने आईच्या मंदिरासारखेच मंदिर बांधले. ती आई म्हणजे राणी रासमणी.

रासमणी कोणत्याही संस्थानाच्या राणी नव्हत्या. हालीशहराजवळच्या कोना या खेड्यात, 28 सप्टेंबर 1793 रोजी, हरेकृष्ण दास यांच्या गरीब कैवर्त घरात त्यांचा जन्म झाला. आई रामप्रिया लाडाने मुलीला ‘राणी’ म्हणे. मुलगी सात वर्षांची झाली आणि आई गेली. हाक तेवढी मागे राहिली. पुढे साऱ्या बंगालने तीच हाक उचलली. सरकारने दिलेल्या पदव्या पुष्कळ विस्मृतीत गेल्या. आईने दिलेली ही पदवी मात्र टिकली.

वयाच्या अकराव्या वर्षी, 1804 साली, कलकत्त्याच्या जानबाजारातील धनाढ्य जमीनदार घराण्यातील राजचंद्र दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. राजचंद्रांच्या पहिल्या दोन बायका वारल्या होत्या. ही तिसरी, खेड्यातून आलेली, बालवधू. अशा संसाराचे काय व्हायचे, याची कल्पना त्या काळच्या रीतीवरून करता येते. परंतु हा संसार वेगळा निघाला. पतीच्या दानधर्मात पत्नीचा विचार असे, असे परंपरा सांगते. आणि पतीच्या पश्चात तिने जे केले ते पाहता या परंपरेवर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. 1830 साली राजचंद्रांनी स्वखर्चाने गंगेवर घाट बांधला. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी त्याला राजचंद्रांचे नाव देण्याचे ठरविले, असे तेथील शिलालेख सांगतो. लोकांनी त्याचा ‘बाबूघाट’ केला आणि आजही तो बाबूघाटच आहे.

1836 साली राजचंद्र निवर्तले. रासमणी तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. पदरी चार मुली: पद्ममणी, कुमारी, करुणामयी आणि जगदंबा; त्यांतील करुणामयी आधीच वारलेली. मुलगा नाही. एवढी मोठी मालमत्ता, आणि ती सांभाळणार एक विधवा! कलकत्त्याच्या पेढ्यांवर तेव्हा काय बोलले गेले असेल, ते सांगायला नको. बाईंनी कारभार हाती घेतला. करुणामयीच्या पश्चात धाकट्या जगदंबेशी विवाह झालेले जावई मथुरमोहन विश्वास हे त्यांचे उजवे हात झाले. परंतु निर्णय बाईंचा असे.

त्या कारभाराची एक गोष्ट बंगालमध्ये घरोघर सांगतात. सरकारने गंगेतील मासेमारीवर कर बसविला, तेव्हा कोळी बाईंकडे धावले. बाईंनी दहा हजार रुपये भरून नदीचा एक पट्टा रीतसर ठेक्याने घेतला आणि लोखंडी साखळ्या टाकून तो अडविला. जहाजे खोळंबली. जाब विचारला, तेव्हा उत्तर आले की जहाजांच्या वर्दळीने मासे बुजतात आणि ठेकेदाराचे नुकसान होते. शेवटी कर उठला. कथेत लोकांनी थोडी भर घातली असेल. पण तिच्यातील स्वभाव खरा आहे. सरकारशी भांडायचे ते सरकारच्याच कायद्याने, ही त्या स्वभावाची खूण होय.

मराठी श्रोत्याला येथे अहिल्याबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. अहिल्याबाई 1795 साली निवर्तल्या, तेव्हा रासमणी दोन वर्षांच्याही नव्हत्या. दोघींची कधी गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही दोघींच्या आयुष्यांत एक धागा समान आहे. 1847 च्या सुमारास रासमणींनी काशीयात्रेची तयारी केली. नावा सज्ज झाल्या. ज्या विश्वनाथाच्या दर्शनाला त्या निघाल्या होत्या, त्याचे मंदिर अहिल्याबाईंनीच 1780 साली उभारलेले होते. यात्रा मात्र घडली नाही. निघण्याच्या आदल्या रात्री देवीने स्वप्नात सांगितले की काशीला जाऊ नकोस, गंगातीरीच माझी स्थापना कर. अशी ही प्रसिद्ध कथा आहे.

या कथेशेजारी एक कागद ठेवून पाहावा. मंदिराच्या व्यवस्थेसाठी रासमणींनी जे अर्पणपत्र केले, त्यात स्वप्नाला पुढे केलेले नाही. त्यात म्हटले आहे की दिवंगत पतीच्या इच्छेनुसार 31 मे 1855 रोजी आपण या देवतांची प्रतिष्ठा केली. स्वप्न खोटे, असा याचा अर्थ नव्हे. भक्ताचे स्वप्न आणि दस्तऐवजाची भाषा यांची जागाच वेगळी. परंतु एकोणीस वर्षे वैधव्यात काढलेल्या या कर्तबगार स्त्रीने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कार्याचे श्रेय पतीच्या इच्छेला दिले, हे विसरून चालणार नाही. लोकांना तिच्यात राणी दिसली. कागदावर तिने स्वतःला पत्नी म्हणून मांडले.

ते कार्य सोपे नव्हते. मंदिर बांधून झाले. नवरत्न शिखरे आणि बारा शिवालये उभी राहिली. पण कैवर्त स्त्रीच्या मंदिरात देवीला अन्नाचा नैवेद्य कसा चालणार, असा निर्णय पंडितांनी दिला. जिच्या पैशाने देऊळ झाले, तिच्या देवीला शिजलेला भात देता येणार नव्हता! तोड काढली ती रामकुमार चट्टोपाध्याय या पंडितांनी: मंदिर ब्राह्मणाला दान करावे, म्हणजे दोष राहणार नाही. बाईंनी ते मान्य केले. स्वामित्व सोडले, तेव्हा सेवा मिळाली. रामकुमारांबरोबर त्यांचा धाकटा भाऊ गदाधर तेथे आला. आरंभी तो त्या मंदिरातील अन्न घेत नसे. हाच गदाधर पुढे रामकृष्ण परमहंस झाला. एकदा देवीसमोर बसून बाई मनात खटल्याचा विचार करीत होत्या, तेव्हा त्याने त्यांना चापट मारली. नोकरचाकर खवळले, बाईंनी त्याला शिक्षा होऊ दिली नाही.

खटल्याचा तो विचार निष्कारण नव्हता. मंदिराच्या खर्चासाठी त्यांनी 1855 च्या ऑगस्टमध्ये 2,26,000 रुपयांना दिनाजपूर जिल्ह्यातील जमिनी घेतल्या होत्या. पण त्या देवाच्या नावे करून देणे राहून गेले होते. अखेरच्या दुखण्यात, 18 फेब्रुवारी 1861 रोजी, त्यांनी अर्पणपत्रावर सही केली. मुलींनी संमती द्यायची होती. जगदंबेने दिली, थोरली पद्ममणी हिने दिली नाही. ही खंत मरणशय्येवरही त्यांच्या मुखी होती, असे रामकृष्णांचे चरित्रकार सांगतात. दुसऱ्याच दिवशी त्या गेल्या. भीती खरी ठरली: 1872 साली या दोघी बहिणी उच्च न्यायालयात परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या.

म्हणून बराकपूरच्या मंदिराकडे पाहताना केवळ भक्तीचा विचार करून भागत नाही. घरातील वाद कचहरीत गेल्यावर तीन वर्षांनी जगदंबेने हे देऊळ उभे केले. मथुरबाबू 1871 सालीच वारले होते. तीही आता आईसारखीच विधवा होती. तिने देवता निवडली ती काशीची, अन्नपूर्णा. आईची जी यात्रा राहिली, त्या क्षेत्राची ही देवी. आणि ज्या अन्नाच्या नैवेद्यावरून आईला अडविले गेले, त्या अन्नाचीच ही स्वामिनी. ही निवड कशामुळे झाली, याविषयी तर्कच करावा लागेल. पण आईची लेक हे विसरली असेल, असे मन मानत नाही. प्रतिष्ठेच्या दिवशी रामकृष्ण स्वतः उपस्थित होते.

इकडे दक्षिणेश्वराचा कारभार जगदंबेचा मुलगा त्रैलोक्यनाथ याच्याकडे आला. नातवाने आजीचे देऊळ सांभाळले. कोना, दक्षिणेश्वर आणि अन्नपूर्णेचे मंदिर ही तिन्ही स्थळे आज एकाच बराकपूर उपविभागात येतात. आईने ‘राणी’ म्हणून हाक मारली ते गाव, पतीच्या इच्छेसाठी बांधलेले देऊळ, आणि लेकीने तिच्यासारखेच उभारलेले दुसरे. घराण्यातील मालमत्तेचे वाद कागदांत राहिले. अन्नपूर्णेच्या पायऱ्यांखालून गंगा आजही दक्षिणेश्वराकडेच वाहत जाते.