डेझी बोलके पुस्तक

अंध व छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचे डिजिटल पुस्तक. आवाज आणि मजकूर यांचा मेळ त्यात ‘स्माइल’ ही खूणभाषा घालते. वेबवरील चित्रे, ध्वनी व सचलचित्रे यांच्या वेळा जुळवणारी ही भाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १५ जून १९९८ रोजी प्रमाण मानली. तिच्यात ‘पार’ या खुणेतील घटक एकदम चालतात, ‘सेक’ या खुणेतील एकामागून एक. मजकुराच्या तुकड्याला ध्वनीतील आरंभ व शेवट जोडलेला असल्याने श्रोत्याला हव्या त्या प्रकरणावर थेट जाता येते. साध्या ध्वनिफितीत ही सोय नव्हती, ही तिची मोठीच उणीव होती. अशी पुस्तके येण्यापूर्वी चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांना ग्रंथ इतरांकडून वाचून घ्यावे लागत. भारतात अशा वाचकांसाठी २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.